संभाव्य

पेटी क्रमांक दोनशे अकरा.
गुन्वोर झाकण उचलते, आत हात घालते,
मुठीत येतो काळा-पांढरा माशीमार,
गळ्याभोवती पांढरी पट्टी,
वजन एका पत्राएवढं, पाकीट धरून.

गॉटलंडच्या या हेझेलच्या रानात
जूनमध्ये रात्र नीट होतच नाही.
दहा वाजताही चुनखडीचे दगड उजळ
आणि डास कामावर.

पंखाखालची शीर, सुई, एक थेंब.
एक पुरतो,
कारण पाखराच्या लाल पेशीत अजून केंद्रक आहे;
आपल्या लाल पेशींनी ते वाटेतच टाकून दिलं.
हे ती दरवर्षी नव्या मुलांना सांगते.
यंदा एलोफला सांगितलं,
तो हातमोजे उलटे घालून उभा होता.

पाखरू सुटतं, फांदीवर बसतं, रागावून गातं.
"गातोय का?" ती विचारते.
मी मान हलवतो.

तीन वर्षं झाली.
फेरीबोटीचा भोंगा कळतो तिला, दार आपटलेलं कळतं,
पण ही सुईच्या टोकाची शीळ
कानात पोचत नाही.
एकतीस उन्हाळे हीच शीळ मोजली तिने.

*

टेबलावर लॅपटॉप, उकडलेले बटाटे, शेपू.
ती एका जनुकावर थांबते.
अक्षरं चारच, ओळी शेकडो,
आणि नावाआधी यंत्राने लावलेला शब्द: संभाव्य.
सिंडेकन असावं, असं यंत्राला वाटतं.
आमच्यापैकी कुणी ते या पाखरात पाहिलेलं नाही.
उंदराशी जुळलं, माणसाशी जुळलं,
म्हणून चिकटलं नाव,
चेहऱ्यावरून आडनाव ओळखावं तसं.

"करतं काय ते?" एलोफ विचारतो.

उंबरठ्यात उभं राहतं, ती म्हणते.
एक पाय पेशीच्या आत,
बाकी सगळं अंग बाहेर,
अंगावर साखरेचे लांब केस, मोकळे सोडलेले.
(मी मनात म्हणतो, काटा आलेला हलवा.
इथे हा शब्द कुणाला सांगू?)
निरोप्या जवळून गेला की त्या केसांत अडकतो,
मग आतल्यांना कळतं:
वाढा, किंवा सरका, किंवा पुरे.
नाव ग्रीक आहे. बांधून ठेवणं.
आणि कधी कधी पेशी
त्याचा बाहेरचा सगळा भाग
कापून सोडून देते.

"म्हणजे गाणं याच्यामुळे?"

"असं म्हणू नकोस!"
ती स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसल्यासारखी मोठ्याने.
"गाणं बापाकडून येतं, शेजाऱ्याकडून येतं.
हे बांधकामावरचं माणूस. असावं.
संभाव्य लिहिलंय ना?"

*

एलोफ झोपल्यावर
ती दोन ओळी एकीखाली एक लावते,
वर पाखराची, खाली माणसाची.
आत रोवलेला शेपटाचा तुकडा
जवळजवळ अक्षरास अक्षर बसतो.
बाहेर उघड्यावर राहिलेला पार निराळा.
ती खूप वेळ शेपटाकडेच बघते.

मग सहज, ताट उचलता उचलता:
"पाखरांच्या कानातल्या केसाळ पेशी मेल्या
तर नव्या येतात. आठवड्यांत.
आपल्या नाही."
कानातलं यंत्र तिने केव्हाच काढून
शेपूच्या काड्यांशेजारी बशीत ठेवलं होतं.

मी विचारलं, त्यात याचा काही...
तिने ओठ वाचले.
"तसं माझ्याकडे काही नाही. म्हणून मी म्हणणार नाही."

*

पहाटे तीन. आधीच उजेड.
ती बूट अर्धवट घालून दोनशे अकराखाली उभी,
दुर्बीण डोळ्याला.
नर गात होता.
प्रत्येक सुराला गळ्याची पट्टी
जराशी फुगत होती, बसत होती,
आणि ती ओठांत मोजत होती.
"पाच," ती म्हणाली.

मी चारच ऐकले होते.

वहीत पाच लिहिले.